पांढरे लंगोट

"हौसा, हे लंगोट तू कशानं धुतेस गं?"

पार्वताक्का परसातल्या दोरीजवळ उभ्या होत्या. एक लंगोट हातात घेऊन त्यांनी उलटा केला, सुलटा केला, उन्हाकडे धरून बघितला. "बघ तरी, कसे दुधासारखे निघतात. आमच्या सुवर्णाच्या वेळी पिवळ्या डागांनी जीव नको केला होता."

मी न्हाणीघरात पाटावर बसले होते. दोन्ही पाय लांब सोडलेले आणि पायांवर पार्वताक्कांची नात, चोवीस दिवसांची. अंगात तेल जिरवून झालं होतं, आता डाळीचं पीठ लावत होते.

"हातानं धुते, अक्का," मी म्हटलं. "साबण तर तुमच्याच घरचा आहे."

"मग हाताला गुण आहे बाई तुझ्या."

खोटं कशाला सांगू, मी सुखावले. गडहिंग्लजात मी तेव्हा बावीस वर्षं बाळंतिणींना शेकण्याचं आणि बाळांना न्हाऊ घालण्याचं काम करत होते. सासूनं शिकवलेलं. सकाळी पाच-सहा घरं व्हायची. लोक आईच्या दुधाचे, बाळंतिणीच्या भाताचे गोडवे गातात. न्हाणीतल्या बाईचं कौतुक करायला कुणाला सवड असते? त्यात पार्वताक्का पट्टणशेट्टी म्हणजे पेठेतल्या कापड दुकानाच्या मालकीणबाई, सहजासहजी कुणाला चांगलं म्हणायच्या नाहीत. मी ते बोलणं पदरात बांधून घेतलं.

खरी गोष्ट अशी की त्या लंगोटांना मी काहीच करत नव्हते. डाग पडतच नव्हता. पहिले काही दिवस इतर बाळांसारखीच शी होती, आधी काळपट, मग हिरवट, मग पिवळी. नंतर रंग उतरत गेला. बाराव्या दिवशी बारशाच्या गडबडीत लंगोट धुवायला बसले तर शी भिजवलेल्या रांगोळीसारखी पांढरट. शूचा डाग मात्र गर्द पडायचा, पण तो उन्हात वाळला की उडून जायचा. मी मनाशी म्हटलं, आईचं दूध पांढरं, म्हणून शी पांढरी. बावीस वर्षांत असा रंग कधी पाहिला नव्हता, हेही त्याच वेळी मनात आलं होतं. ते मी बाजूला सारलं.

"जरा पिवळटच दिसते ना गं अजून?" पार्वताक्का न्हाणीच्या दारात येऊन वाकल्या. "डोळे बघ."

"बाळकावीळ असते, अक्का. उन्हात धरा सकाळी."

"धरतेच आहे रोज. आणि पिते बघ कशी, सुवर्णाला उसंत देत नाही. एवढं पिऊन अंगी काही लागत नाही."

पोरगी खरंच हावरी होती. न्हाऊ घालताना इतर बाळं रडतात, ही ओठ चोखत माझ्या दंडाकडे तोंड वळवायची. तिचं नाव अक्षता ठेवलं होतं. मी तिला चिमी म्हणायचे.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी पोटाला तेल लावताना माझी बोटं थांबली. उजव्या बरगडीखाली काहीतरी टणक लागलं. बाळाचं पोट कसं मऊ असतं, मळलेल्या कणकेसारखं. हिथं कैरीची फोड आत ठेवावी तसं. मी पुन्हा बोट फिरवलं. पुन्हा लागलं. चिमी माझ्याकडे टुकूटुकू बघत होती. मी वाटीतलं तेल आणखी घेतलं आणि पोटात वारा धरला असेल म्हणून गोल गोल चोळत बसले.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तेव्हाच का नाही बोललीस? त्याला कारण होतं, आणि ते मी आजवर स्वतःला शंभरदा सांगून झालंय. आदल्या वर्षी कडगाव रोडच्या एका मास्तरांच्या नातवाला मी न्हाऊ घालत होते. ताट पडलं तरी ते पोर दचकलं नाही. मी आपलं सगळ्यांच्या देखत बोलून गेले, की ह्याला ऐकू येत नाही वाटतं. घरात रडारड झाली. बेळगावला नेलं, डॉक्टरांनी तपासलं आणि हसले. पोराला चांगलं ऐकू येत होतं, नुसतं झोपाळू होतं. मास्तरांच्या बायकोनं गावभर केलं, हौसाची जीभ काळी आहे, तान्ह्या लेकरावर अशुभ बोलते. त्या वर्षी माझी पाच घरं सुटली. बारशाला बोलावणं बंद झालं. समोरून ओली बाळंतीण आली तर तिची आई बाळाच्या तोंडावर पदर ओढायची. तो पोरगा आता पोलिसात आहे आणि पलीकडच्या गल्लीतली कुजबूजही त्याला ऐकू येते. तेव्हापासून मी ठरवून टाकलं होतं, आपण न्हाऊ घालावं, धुरी द्यावी आणि तोंड बंद ठेवून घरी जावं.

पण सुवर्णानं मला विचारलं.

ती पार्वताक्कांची एकुलती एक लेक, पहिलटकरीण, तेवीस वर्षांची. तिच्या जन्मानंतर तिला मी न्हाऊ घातलेलं नव्हतं, तेव्हा माझी सासू यायची. पण परकर-पोलक्यातली सुवर्णा मला ठाऊक होती. लग्न होऊन इचलकरंजीला गेली होती. नवरा अरविंद तिथल्या एका सायझिंगमध्ये, सुताला खळ लावायच्या कारखान्यात, सुपरवायझर. दर रविवारी यायचा आणि पाळण्याशी खुर्ची ओढून बसायचा. त्या रविवारी तो गेला आणि सोमवारी सकाळी मी सुवर्णाची पाठ शेकत होते. पार्वताक्का दुकानात गेल्या होत्या. चिमी शेजारी दुपट्यात.

"हौसामावशी," सुवर्णा म्हणाली. तोंड भिंतीकडे होतं. "एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही इतकी बाळं हाताखालून घातलीत. माझी काही वेगळी आहे का?"

मी शेकायचं फडकं शेगडीवर धरलं. ते तापलेलं होतं तरी धरून ठेवलं.

"हे म्हणत होते, कोल्हापूरला लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवू," ती म्हणाली. "चौतीस दिवस झाले, पिवळेपणा जात नाही म्हणजे काय. आई म्हणते सव्वा महिना झाल्याशिवाय बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. मला काही सुचेना बघा. तुम्ही म्हणाल तर मी आईशी भांडते आणि उद्याच जाते. तुम्ही काळजीचं नाही म्हणालात तर यांना फोन करून सांगते, घाई नको."

इतकं सरळ विचारलं होतं तिनं. माझ्या बोटांना ती टणक जागा ठाऊक होती. लंगोटांचा रंग ठाऊक होता. तोंडात शब्द आले होते, देवाशपथ आले होते. आणि मला मास्तरांच्या बायकोचा चेहरा दिसला. वाटलं, आता हेही घर जाणार, पेठेतलं सगळ्यात मोठं घर.

"काही वेगळं नाही गं," मी म्हटलं. "काही काही बाळं उशिरा बाळसं धरतात. तुझं दूध उतरलंय, पोर पिते, शी-शू करते. आणखी काय हवं?"

"नक्की?"

"नक्की."

सुवर्णानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पुन्हा भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "बरं झालं विचारलं ते." दुपारी तिनं नवऱ्याला फोन लावला, घाई नको म्हणाली.

सव्वा महिना झाला. लस टोचायला नेली तिथल्या नर्सनं डोळ्यांच्या कडा बघितल्या आणि उन्हात धरत जा म्हणाली. तेही माझ्याच बाजूचं झालं. रोज बघणाऱ्याला रंग कळेनासा होतो. कुणी पाहुणी आली तर म्हणायची, पोरीचा रंग केतकी आहे. पार्वताक्का हसायच्या. चिमीचं पोट वाढत होतं आणि मांड्या सुकत होत्या. मी न्हाऊ घालताना पोटावरून हात भराभर फिरवायला लागले. ती फोड मोठी होत चालली होती, म्हणून बोटं तिथं थांबूच द्यायची नाहीत.

पाडव्याला कान टोचायचे ठरले. खरं तर बाराव्या दिवशीच टोचतात, पण तेव्हा कावीळ म्हणून पुढं ढकललं होतं. सकाळी गुढी उभारली आणि पोतदार सोनार घरी आले. म्हातारे होते, अर्ध्या गावाचे कान त्यांनीच टोचलेले. चिमीला माझ्या मांडीवर दिलं, कारण टोचताना डोकं कसं धरायचं ते मला माहीत. अरविंद कॅमेरा घेऊन समोर. पोतदारांनी डाव्या पाळीतून तार ओवली, वेढा घातला, हळद लावली. चिमी रडली आणि गप्प झाली. पार्वताक्कांनी तिच्या ओठाला साखर लावली.

पोतदार उजव्या कानाकडे वळले आणि थांबले. "हौसाबाई, पुसा जरा."

मी डाव्या कानाचं रक्त पुसलं. पुन्हा आलं. पुन्हा पुसलं. एक थेंब येतो आणि थांबतो, एवढंच मी जन्मभर बघितलेलं. हिचं थांबेना. बारीक धार मानेवरून झबल्यात उतरली. पोतदारांनी हळद दाबली, मग तुरटी दाबली. "असं कधी झालं नाही," ते म्हणत होते, "पार्वतीबाई, माझ्या हातून असं कधी झालं नाही." माझं लुगडं मांडीवर ओलं झालं. अर्धा तास झाला तरी दाबलेलं फडकं लाल होतच होतं.

गावातल्या डॉक्टरांनी डोळे बघितले, पोटाला हात लावला आणि आमच्या सगळ्यांवर एकदम ओरडले, की इतके दिवस काय करत होतात. मांडीत एक इंजेक्शन दिलं, कानावर घट्ट पट्टी बांधली आणि ताबडतोब कोल्हापूरला न्यायला सांगितलं. जीप केली. सुवर्णाच्या हातात बळ नव्हतं म्हणून चिमी माझ्याचकडे होती. निपाणी मागं पडेपर्यंत रक्त थांबलं. अरविंद पुढं बसला होता. तो एकदाही मागं वळला नाही.

कोल्हापुरातल्या त्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या असतील. आवाज शांत. त्यांनी चिमीला टेबलावर घेतलं, पोटावर बोटं ठेवली, आणि बरोबर त्याच जागी थांबल्या. मी दुसरीकडे बघितलं. रक्त काढलं, पोटाचा फोटो काढला, दुपार तिथंच गेली. मग त्यांनी आम्हा चौघांना बोलावलं.

"शीचा रंग कसा आहे?" त्यांनी सुवर्णाला विचारलं.

सुवर्णानं आईकडे बघितलं. पार्वताक्का म्हणाल्या, "चांगला असणार की. लंगोट अगदी स्वच्छ निघतात."

"लंगोट कोण धुतं?"

"मी," मी म्हटलं.

"डाग काढायला त्रास होतो?"

"नाही."

"का नाही?"

"डाग पडतच नाही."

बाईंनी लिहिणं थांबवलं. "कधीपासून?"

खोटं बोलायला तेव्हाही जागा होती. आठ दिवस म्हटलं असतं तर कोण बघायला आलं होतं? पण त्यांच्या पुढ्यात जमलं नाही. "बारशापासून," मी म्हटलं.

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. मग मलाच विचारलं, "मावशी, बाळाच्या अंगाचं तेल तुम्ही कशानं काढता?"

"डाळीच्या पिठानं."

"नुसत्या पाण्यानं निघेल?"

"नाही. पाणी वरून घसरून जातं."

"दुधातही तूप असतं. नुसतं पोटात गेलं म्हणून ते अंगी लागत नाही. आपलं लिव्हर एक रस तयार करतं, पित्त. मळमळलं की आपण पित्त झालं म्हणतो, ते निराळं. हा रस हिरवा-पिवळा असतो आणि एका नळीतून आतड्यात उतरतो. त्यातली आम्लं दुधातल्या तुपाला फोडतात, तुमचं डाळीचं पीठ तेलाला सोडवतं तसं. मग ते तूप रक्तात जातं. काम झालं की ती आम्लं खालच्या आतड्यातून परत लिव्हरकडे जातात आणि पुन्हा उतरतात. दिवसातून कितीतरी फेऱ्या होतात. शीला पिवळा रंग येतो तोही त्या रसामुळंच."

"आणि हिचं?" अरविंदनं विचारलं.

"हिची नळी बंद झाली आहे. रस आतड्यात येतच नाही. म्हणून शी पांढरी, म्हणून एवढं पिऊन बाळ सुकतंय. रक्त गोठायला लागणारं जीवनसत्त्व तुपाबरोबरच अंगात जातं, तेही गेलं नाही, म्हणून कानाचं रक्त थांबलं नाही. आणि सगळा रस लिव्हरमध्येच तुंबून राहिलाय. लिव्हर त्यानं करपत चाललंय, टणक होत चाललंय."

पार्वताक्का पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. सुवर्णा चिमीच्या पायाचा अंगठा बोटांत धरून होती. तिनं विचारलं, "नळी उघडता येत नाही?"

"नळी राहिलेलीच नाही. ऑपरेशन असतं, आतड्याचा तुकडा वर ओढून थेट लिव्हरला जोडतात. पुण्याला होईल, मी चिठ्ठी देते." त्यांनी चिठ्ठीचा कागद पुढं ओढला. "पण ते साधारण दोन महिन्यांच्या आत करावं लागतं. जितकं लवकर तितकी आशा जास्त. आज हिला ब्याऐंशी दिवस झालेत."

"चौतीस दिवसांची असताना आणलं असतं तर?" अरविंदनं विचारलं. त्याला तो आकडा पाठ होता.

"तर मी बरीच आशा दाखवली असती," बाई म्हणाल्या. "आता करून बघायचं. दुसरं काय."

बाहेर व्हरांड्यात आलो. अरविंद खांबाला टेकला. मग सुवर्णाकडे वळला, आणि आवाज न चढवता म्हणाला, "मी तुला म्हटलं होतं. तू फोन करून नको म्हणालीस."

पार्वताक्का मधे पडल्या. "जावईबापू, लंगोट तर हौसा धुवायची. तिलाच नाही कळलं तर—"

"त्या कामाला येतात, सासूबाई. त्यांना काय बोलायचं? ही आई आहे." तो सुवर्णाला म्हणाला, "तुला एकदाही शंका आली नाही? कुणाला विचारावंसं वाटलं नाही?"

सुवर्णानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या समोर हातभरावर उभी होते, चिमी माझ्या खांद्यावर. तिची नजर माझ्यावर होती आणि मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की तिनं विचारलं होतं, मी सांगितलं नाही. सहा शब्दांचं काम. मी चिमीच्या पाठीवर थोपटत राहिले. सुवर्णानं नजर खाली घेतली आणि नवऱ्याला म्हणाली, "नाही वाटलं."

पुण्याला ऑपरेशन झालं. चार दिवस शीला रंग आल्यासारखा वाटला, असं पार्वताक्कांनी मला सांगितलं. पाचव्या दिवशी गेला. त्यानंतर चिमी इचलकरंजीलाच होती. पोटात पाणी व्हायचं, काढायचे, पुन्हा व्हायचं. वर्षाची व्हायला महिना उरला असताना ती गेली. मला दुकानातल्या नोकरानं सांगितलं. मी कुणाच्या तरी बाळाला टॉवेलात गुंडाळत होते, तशीच खाली बसले.

पंधरा दिवस मी घरात कुणाशी बोलले नाही. मग पार्वताक्काच एकदा म्हणाल्या, की सुवर्णाची सासू तिला जेवू देत नाही, उठता-बसता ऐकवते, आईला रंग कळला नाही म्हणते. अरविंद बोलत नाही, पण तिच्या खोलीतही येत नाही. ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी इचलकरंजीला गेले. वाटेत सगळं घोकत होते. कसं सुरू करायचं, कुणाच्या पुढ्यात बोलायचं. मार बसला तर बसू दे, गावात तोंड दाखवायला जागा नाही राहिली तरी चालेल, पण हे पोरीच्या डोक्यावरून उतरवायचं, असं पक्कं ठरवलं होतं.

सासू शेजारी गेली होती. सुवर्णा सैपाकघरात फरशीवर बसून भाजी निवडत होती. किती वाळली होती, सांगता येत नाही. मला बघून तिनं पाट सरकवला.

"बसा, मावशी. चहा टाकते."

"चहा नको. तू आधी ऐक." मी बसले नाही. "मला माहीत होतं, सुवर्णा. तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. शी पांढरी होती, पोटाला टणक लागत होतं. तुमचं घर हातचं जाईल म्हणून मी बोलले नाही. एका घराच्या भीतीनं मी तुझी पोर घालवली."

ती देठं खुडत होती. हात थांबले नाहीत.

"तुम्ही खोटं बोलताय ते मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली.

मी खाली बसले.

"तुम्ही फडकं शेगडीवर धरलं होतंत. बोटं भाजत होती आणि तुम्ही सोडत नव्हतात. मी बघितलं की मान वळवून. तुमच्या तोंडावर सगळं दिसत होतं." तिनं देठं एका बाजूला केली. "मावशी, खरं ऐकायचं असतं तर मी डॉक्टरकडे गेले असते. तुम्हाला का विचारलं? तुम्ही नाही म्हणाल हे ठाऊक होतं म्हणून विचारलं. मला तेवढंच ऐकायचं होतं. माझी चांगली आहे, कुणीतरी म्हणावं. तुम्ही म्हणालात, मी फोन केला आणि रात्री शांत झोपले."

"असं नको म्हणू पोरी. तू लहान, पहिली वेळ. जाणती मी होते."

"आई मी होते."

एवढ्यात अरविंद जेवायला आला. मला बघून दारातच थबकला, मग चपला काढून आत आला आणि पाणी प्यायला. मी उठून उभी राहिले. आता थांबले असते तर जन्मात बोलले नसते.

"जावईबापू," मी म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी व्हरांड्यात विचारलंत ना, कुणाला विचारावंसं वाटलं नाही का? हिनं मला विचारलं होतं. चौतिसाव्या दिवशी. सरळ विचारलं होतं, की माझ्या बाळाचं काही वेगळं आहे का, नेऊ का डॉक्टरकडे. मला सगळं दिसत होतं आणि मी नाही म्हटलं. दोष हिचा नाही, माझा आहे. काय म्हणायचं ते मला म्हणा."

त्यानं तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. त्याच्या तोंडावर काहीतरी सुटल्यासारखं झालं, माझी शपथ, मला ते दिसलं. तो तिच्याजवळ दोन पावलं गेला.

"खरं, सुवर्णा? तू विचारलं होतंस?"

सुवर्णानं परात उचलली. नळाखाली धरली. पाणी सोडलं.

"नाही," ती म्हणाली. "मी कुणालाच विचारलं नाही."

"अगं, का असं—" मी पुढं झाले.

ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं. हळू आवाजात, फक्त मलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "राहू द्या, मावशी. तिचं माझ्याकडे आता एवढंच उरलंय. ते नेऊ नका."

अरविंद तसाच उभा होता. मग त्यानं मान हलवली आणि बाहेरच्या खोलीत गेला. सुवर्णानं भाजी तीन पाण्यांतून काढली, विळी घेतली, चिरायला बसली. मी आणखी काय बोलणार होते? पदर सावरला आणि निघाले.

तो मला स्टँडपर्यंत सोडायला आला. वाटेत मी दोनदा म्हटलं, की मी सांगितलं ते खरं आहे. त्यानं ऐकून घेतलं. गडहिंग्लजची गाडी लागली होती. तो म्हणाला, "मावशी, मला कळतंय. तिला घरात सुख लागावं म्हणून तुम्ही स्वतःवर घ्यायला आलात. एवढ्या लांबून. आमच्या घरच्यांनासुद्धा कुणाला तिच्यासाठी एवढं वाटलं नाही." त्याला हुंदका आला. "मी बोलेन आता तिच्याशी. तुमच्यासाठी तरी बोलेन."

आणि त्या गर्दीत तो वाकून माझ्या पाया पडला. मला पाय मागं घेता आले नाहीत.